पुंडलिक तुरुंगात गेला तेव्हा

(बेंगळुरूतील मराठी रसिकांपुढे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या अण्णांना मी रंगमंचावर कधीच पाहिले नाही. ते कायम विंगेत असायचे. हातात नाटकाची वही, कानावर पेन्सिल आणि पायाशी पाण्याचा तांब्या. नट वाक्य विसरला की अण्णांचा आवाज यायचा, आणि पहिल्या दोन रांगांना तो नटापेक्षा स्पष्ट ऐकू यायचा.

एका वर्षी गणेशोत्सवात आम्ही रहस्यनाट्य बसवले. गडगंज शेठजी, त्यांचा दिवाणखाना, दुसऱ्या अंकाच्या शेवटी गोळी आणि तिसऱ्या अंकात उलगडा. पिस्तूल टिकल्यांचे. त्या दिवशी दुपारपासून इथला पाऊस लागलेला, टिकल्यांची पुडी सादळलेली. ऐन वेळी चाप ओढला तर नुसते 'खट्'. पुन्हा ओढला, पुन्हा 'खट्'. शेठजींचे काम करणारे गृहस्थ बँकेत अधिकारी होते, नियमाबाहेर जाऊन मरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते तसेच उभे. शेवटी विंगेतून अण्णा ओरडले, "ठो!" आणि शेठजी सोफ्यावर कोसळले.

सभागृह हसून लोळले. मी समोरच्या विंगेत पडद्याच्या दोरीपाशी होतो. मला वाटले, नाटक गेले. पण मध्यंतरात भजी खाऊन झाल्यावर सगळे प्रेक्षक मुकाट्याने परत येऊन बसले आणि खुनी सापडेपर्यंत कोणी हलले नाही. रात्री सामान आवरताना अण्णा मला म्हणाले, "बघितलंस? गोळी सुटलीच नाही हे सगळ्यांनी पाहिलं. तरी मारलं कोणी, ते कळल्याशिवाय एकजण उठला नाही. आणि मेला कोण, ते उद्या कोणालाही विचार. नाव आठवणार नाही."

मी तेव्हा नुकताच वकिली करू लागलो होतो. त्यानंतरची सगळी वर्षे फौजदारी कोर्टात गेली, आणि अण्णांचे ते वाक्य मला तिथे अनेकदा आठवले. आजचे व्याख्यान त्या वाक्यावरच आहे. त्यासाठी मी एका खऱ्या खुनाची गोष्ट सांगणार आहे. त्यात श्रीमंत नटमंडळी आहेत, पैसा आहे, बदनामी आहे, कोर्ट आहे, आणि शेवटी त्या गोष्टीची एक वाट आपल्या या शहरापर्यंत येते.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना नाटकवाल्यांचे घर फार आवडते, याचे कारण उघड आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला वेषांतर करायला सोंगाची पेटी बरोबर बाळगावी लागे. नाटकवाल्याच्या घरात ती पेटी आधीच असते. तिथला प्रत्येक माणूस रडण्याचे पैसे घेतो. कोणाचे अश्रू खरे, याचा ठाव पोलिसालाही लागत नाही. त्यात कंपनी श्रीमंत असेल तर मालकी, भागीदारी, उचल, कर्ज आणि मत्सर हे सगळे आयतेच मिळते. अगाथा ख्रिस्तीचे 'द माउसट्रॅप' १९५२ पासून लंडनमध्ये चालू आहे. प्रयोग संपला की खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना करतात आणि लोक ती पाळतात. प्रेक्षकालाही कटात सामील करून घेण्याची ही युक्ती मोठी नामी आहे.

आपल्या मराठी रंगभूमीवर खरा खून झाला तो मात्र रहस्य नव्हता. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी तो ठेवला होता. अनंत कान्हेरे यांनी त्याला तिथेच गोळ्या घातल्या. मारणारा पळाला नाही, मारण्याचे कारणही लपले नाही. तो खून देशाच्या इतिहासाचा भाग झाला. रहस्याला लागतो तो काळोख तिथे नव्हता.

तो काळोख मद्रासमध्ये होता. साल १९४४.

पण मद्रासला जाण्याआधी 'आझाद' आठवा. १९५५ चा चित्रपट, दिलीपकुमार आणि मीनाकुमारी. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. निर्मात्याने महिन्याभरात सगळी गाणी मागितली, दुसऱ्या एका मोठ्या संगीतकाराने नकार दिला आणि चितळकरांनी ती करून दाखवली, ही गोष्ट जुन्या रसिकांना पाठ आहे. दक्षिण त्यांना नवी नव्हती. 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांपासूनच त्यांनी संगीत द्यायला सुरुवात केली होती. ज्या निर्मात्याने त्यांना 'आझाद'चे काम दिले ते कोइम्बतूरचे एस. एम. श्रीरामुलू नायडू, पक्षिराजा स्टुडिओचे मालक. हेच नायडू पुढे बेंगळुरूला आले आणि त्यांनी इथे चामुंडेश्वरी स्टुडिओ काढला. कन्नड चित्रपटांचे पुष्कळ काम त्या स्टुडिओत झाले.

तर १९४५ साली हे नायडू मद्रास हायकोर्टात खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभे होते. त्यांच्या बरोबरीचे दोन आरोपी त्या काळच्या दक्षिणेतले सर्वांत लाडके नट होते.

पहिले एम. के. त्यागराज भागवतर. जन्म १९१०, मायावरमचा. पोरवयात संगीत नाटकात उभे राहिले, मग नायक झाले, आणि १९३४ मध्ये त्यांचे गाजलेले 'पवळक्कोडी' नाटक पडद्यावर आले तेव्हा त्याच्याबरोबर तेही पडद्यावर गेले. खांद्यापर्यंत रुळणारे केस, कानात हिऱ्याच्या कुड्या, रेशमी जिब्बा. त्यांच्यासारखे केस राखायची टूम निघाली आणि 'भागवतर क्रॉप' हा शब्द न्हाव्यांच्या दुकानांत गेला. ते सोन्याच्या ताटात जेवतात, ही कथा सगळ्या तमिळ मुलखात फिरत होती. ज्यांनी बालगंधर्वांच्या अत्तराच्या आणि शालूंच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना ही जात लगेच ओळखू येईल. आपल्याकडे गंधर्व नारी होऊन राजे झाले, तिकडे भागवतर भक्त होऊन राजे झाले.

दुसरे एन. एस. कृष्णन. १९०८ चे, नागरकोइलचे, गरिबीतून बॉइज कंपनीत, म्हणजे मुलांच्या नाटक कंपनीत, आलेले. विनोदी नट. पत्नी टी. ए. मथुरम यांच्याबरोबर त्यांची जोडी अशी जमली की मूळ चित्रपट तयार झाल्यावर त्यांचे प्रवेश वेगळे लिहून आत घालत. या दोघांची ओळखही आपल्या पुण्यातली. १९३६ च्या 'वसंतसेना'च्या चित्रीकरणासाठी मंडळी पुण्याला आली होती, तिथे सूत जुळले. कृष्णन यांचा हात सढळ. त्यांच्या दारातून कोणी रिकामा गेला नाही, असे त्यांचे वैरीसुद्धा म्हणत.

आता मरणारा. सी. एन. लक्ष्मीकांतन. याच्या आयुष्यावरच एक कादंबरी होईल. बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात शिक्षा, तुरुंगातून पळायचा प्रयत्न, मग अंदमान. सुटून आल्यावर त्याने १९४३ मध्ये 'सिनेमा तूदु' नावाचे साप्ताहिक काढले. तूदु म्हणजे निरोप, दूताने आणलेली बातमी. बातमी कसली? कोणता नट कोणाच्या घरी किती वाजता गेला, कोणती नटी कोणत्या मिराशीदाराच्या मोटारीत दिसली. अंक हातोहात खपे. आपले नाव येऊ नये म्हणून नटनट्या पैसे पोचवतात, आणि न पोचवणाऱ्याचे नाव पुढच्या आठवड्यात येते, अशी बोलवा होती.

भागवतर, कृष्णन आणि नायडू या तिघांनी मिळून गव्हर्नर सर आर्थर होप यांच्याकडे अर्ज केला. युद्धाचे दिवस, कागदावर नियंत्रण, परवान्याशिवाय नियतकालिक निघत नसे. सरकारने परवाना काढून घेतला. लक्ष्मीकांतन थोडाच थांबणार. त्याने 'हिंदू नेसन' नावाचे दुसरे पत्र हाती घेतले आणि पहिल्यापेक्षा तिखट लिहू लागला. आता त्याच्या निशाण्यावर नटांबरोबर व्यापारी आणि इतर बडी मंडळीही आली. ज्यांना तो नको होता अशांची यादी वाढत चालली होती, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

८ नोव्हेंबर १९४४. लक्ष्मीकांतन मद्रासच्या वेपेरी भागात आपल्या वकिलाला भेटून रिक्षाने परत निघाला. वाटेत त्याला अडवून भोसकले. तो जागच्या जागी मेला नाही. रक्ताने भरलेला तो वकिलाच्या घरापर्यंत गेला, तिथून त्याला रिक्षाने जनरल हॉस्पिटलमध्ये नेले. तो बोलत होता, पोलिसांना सांगत होता. दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, तो वारला.

डिसेंबरच्या अखेरीस पोलिसांनी भागवतर आणि कृष्णन यांना अटक केली, पाठोपाठ नायडूंना. प्रत्यक्ष सुरी चालवल्याचा आरोप दुसऱ्यांवर होता. या तिघांवर आरोप होता तो कटाचा, म्हणजे पैसे देऊन मारेकरी घातल्याचा.

इथे जरा थांबतो, कारण आजच्या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग इथे आहे.

खुनाआधी तीनच आठवडे, १९४४ च्या दिवाळीत, भागवतरांचा 'हरिदास' मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरला लागला होता. दिग्दर्शक मंगळूरचे सुंदरराव नाडकर्णी. कथा काय? आईबापांना छळणारा, चैनी, बायकांच्या नादी लागलेला मुलगा. तो पाय गमावतो, पश्चात्तापाने शुद्ध होतो आणि आईबापांच्या सेवेला लागतो. देव दारात येतो तेव्हा सेवेत खंड नको म्हणून तो देवाकडे वीट भिरकावतो. मंडळी, नाव हरिदास असले तरी हा आपला पुंडलिक आहे. पंढरपूरच्या विटेची गोष्ट तमिळ सुरांत.

'हरिदास' त्या एकाच थिएटरात १९४४, १९४५ आणि १९४६ अशा तीन दिवाळ्या चालला. हिशेब लावा. पहिल्या दिवाळीत नायक मोकळा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवाळीत तो तुरुंगात होता. बाहेर ब्रॉडवेच्या पडद्यावर रोज तीन वेळा पुंडलिक पश्चात्ताप करत होता, त्याला पाय परत मिळत होते, लोक डोळे पुसत होते. आणि तोच गाणारा माणूस तुरुंगात खुनाच्या कटातला कैदी म्हणून दिवस मोजत होता. तिकिटे घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. रोजच्या वर्तमानपत्रात दुसरे काही नव्हतेच.

लोकांनी तिकीट काढले पुंडलिकाचे, आणि निकाल लावला भागवतरांचा. कोणी म्हणत, एवढे देवाचे गाणारा माणूस असे करणार नाही. कोणी म्हणत, पहिल्या अर्ध्या सिनेमात तो जसा आहे तसाच खरा असणार. दोन्ही बाजू पुरावा म्हणून सिनेमाच दाखवत होत्या.

खटला हायकोर्टात ज्यूरीपुढे चालला. बचावासाठी मुंबईहून कन्हैयालाल मुन्शींसारखे वकील आले होते. मे १९४५ मध्ये निकाल लागला. नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना ज्यूरीने बहुमताने दोषी ठरवले आणि शिक्षा झाली जन्मठेपेची, त्या काळच्या भाषेत काळ्या पाण्याची. मेलेला माणूस स्वतः अंदमान पाहून आलेला होता. नाटककाराने असा योग जुळवला असता तर आपण त्याला ओढाताण म्हटले असते.

त्याच वर्षी हायकोर्टाने अपील फेटाळले. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. कौन्सिलने ते पुन्हा ऐकण्यासाठी मद्रासला परत पाठवले. फेरसुनावणीत बाजू मांडली व्ही. एल. एथिराज यांनी, ज्यांच्या नावाचे मुलींचे कॉलेज आज चेन्नईत आहे. एप्रिल १९४७ मध्ये दोघेही निर्दोष सुटले. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ आत गेला होता. देश स्वतंत्र व्हायला चार महिने उरले होते.

कटाचा पुरावा टिकला नाही, हे वाक्य मी माझ्या धंद्यात शेकडो वेळा ऐकले आहे, काही वेळा माझ्याच अशिलाच्या बाबतीत. रंगभूमीच्या माणसांना ते समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत. सुरी रंगमंचावर चालते, ती दिसते. कट विंगेत शिजतो. कोर्टाला विंगेत बसता येत नाही. तिथे कोण काय कुजबुजले, हे सांगणारा साक्षीदार बहुधा स्वतःच त्या कुजबुजीत होता, आणि आपली मान सोडवायला तो बोलतो आहे. कायदा अशा माणसाची साक्ष घ्यायला नको म्हणत नाही, पण त्याच्या शब्दाला दुसरीकडून टेकू मिळतो का ते बघा, असे बजावतो. टेकू नसेल तर आरोपीला सोडायचे. सोडायचे याचा अर्थ गोष्ट संपली असा नाही. गोष्टीचे शेवटचे पान फाटले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रेक्षकांना फाटलेले पान चालत नाही. मग ते स्वतःच लिहितात.

तिघांच्या बाबतीत प्रेक्षकांनी तीन वेगवेगळी पाने लिहिली, म्हणून मला हा खटला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा मोठा वाटतो.

भागवतरांना लोकांनी घेतले नाही. सुटल्यावर त्यांनी 'राजमुक्ती' केला, १९४८ मध्ये. तो आपल्या पुण्याच्या प्रभात स्टुडिओत तयार झाला. नावात मुक्ती, स्टुडिओ 'संत तुकाराम'वाल्यांचा, बरोबर भानुमती आणि तरुण एम. जी. रामचंद्रन. चित्रपट पडला. पुढचेही पडले. १९५७ च्या चित्रपटाचे नाव त्यांनी 'पुदु वाळ्वु' ठेवले, म्हणजे नवे जीवन. ते नवे जीवनही तिकीटखिडकीवर चालले नाही. १ नोव्हेंबर १९५९ ला ते वारले तेव्हा पन्नाशीही पुरी झाली नव्हती. सोन्याच्या ताटाची कथा तोवर दंतकथा झाली होती.

कृष्णन यांचे मात्र वेगळे झाले. ते आत असताना मथुरम यांनी रडत बसून दिवस काढले नाहीत. सहकारी नट एस. व्ही. सहस्रनामम यांच्या मदतीने त्यांनी कंपनी चालू ठेवली आणि 'पैत्तियक्कारन', म्हणजे 'वेडा', हा चित्रपट उभा केला. कोर्टाचा खर्च तोंड वासून होता. कृष्णन सुटून आले तेव्हा त्यांच्यासाठी त्यात जागा करण्यात आली. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. 'कलैवाणर' ही पदवी त्यांच्या नावाला चिकटली ती सुटकेच्या वर्षातच. 'नल्लतंबी', 'मणमगळ', 'पणम' असे त्यांचे चित्रपट चालले. १९५७ मध्ये ते गेले तेव्हा खिशात फार काही नव्हते, पण ते लोकांनी नाकारल्यामुळे नव्हे, वाटून टाकल्यामुळे.

एकच आरोप, एकच शिक्षा, एकाच दिवशी सुटका. मग हा फरक का? चित्रपटाचा इतिहास लिहिणारे सांगतात की तोवर जमाना बदलला होता. चाळीस गाण्यांचे चित्रपट मागे पडले, संवादांचे दिवस आले, पार्श्वगायन रुळले, गाणारा नट ही जातच सरली. ते खरे आहे. आपल्याकडेही बोलपटाने संगीत नाटकांचे तेच केले, आणि बालगंधर्वांवर खुनाचा आरोप कोणी केलेला नव्हता. पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही.

माझे मत असे की विदूषकाला तुरुंग परवडतो, संताला परवडत नाही. विदूषकाकडून आपण पावित्र्याची अपेक्षा ठेवलेली नसते. तो पडतो, मार खातो, पुन्हा उठतो, हेच त्याचे काम. तुरुंग ही त्याच्या आयुष्यातली आणखी एक पडझड. भागवतरांना मात्र लोकांनी नट म्हणून कधी पाहिलेच नव्हते. लोकांच्या लेखी तो पुंडलिक होता. देवघरातल्या मूर्तीला तडा गेला की घरातला कोणी तिची तपासणी करत बसत नाही, तडा खरा की सावली ते पाहत नाही. मूर्ती विसर्जन करतात.

अमेरिकेत 'फॅटी' आर्बकल या विनोदी नटाचे १९२१–२२ मध्ये झाले ते याच्या उलट. तीन खटले झाले, तिसऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवून वर माफीसारखे निवेदन दिले. तरी त्याला बरीच वर्षे पडद्यावर परत येऊ दिले नाही. तेव्हा माझा विदूषकाचा नियम सगळीकडे लागू पडत नाही, हे मीच सांगून टाकतो. वकिलाने आपल्या विरुद्धचा पुरावा स्वतः पुढे ठेवला की न्यायाधीश जरा मऊ होतो.

(हशा)

आणि तिसरे, नायडू. यांच्या वाटेला लोकांचा राग आलाच नाही, कारण लोकांना त्यांचा चेहराच माहीत नव्हता. निर्माता हा विंगेतला माणूस. ते सुटले आणि कामाला लागले. १९५४ मध्ये त्यांनी 'मलैक्कळ्ळन' काढला. डोंगरातला दरोडेखोर म्हणून ज्याला सगळे शोधतात तोच गावात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून उजळ माथ्याने वावरतो आहे, अशी ती गोष्ट. राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळालेला तो पहिला तमिळ चित्रपट. नायडूंनी तोच तेलुगूत केला, मल्याळमात केला, 'बेट्टद कळ्ळ' म्हणून कन्नडात केला, सिंहलीत केला आणि हिंदीत केला तो 'आझाद'. खुनाच्या आरोपातून सुटलेला माणूस दोन चेहऱ्यांच्या माणसाची गोष्ट सहा भाषांत सांगतो आणि प्रत्येक भाषेतले लोक टाळ्या वाजवतात. मी यातून काही सुचवत नाही. कोर्टाने त्यांना सोडले आहे, मी पुन्हा उभे करणार नाही. आपण टाळ्या कशाला वाजवतो, एवढेच नोंदवतो.

आता अण्णांच्या वाक्याकडे येतो. मेला कोण?

या प्रकरणावर दक्षिणेत आजही लिहितात, बोलतात. सगळे भागवतरांच्या ऱ्हासाची शोकांतिका सांगतात. मीसुद्धा गेला पाऊण तास तेच केले. लक्ष्मीकांतन त्या शोकांतिकेत निमित्तमात्र उरतो, आमच्या नाटकातल्या शेठजींसारखा. तो चांगला माणूस नव्हता, हे धरून चालू. पण त्याच्यावर राग असणारे तीनच होते का? प्रकरणाचा मागोवा घेणारे सांगतात की रेल्वेत झालेल्या एका श्रीमंत माणसाच्या खुनाबद्दलही तो लिहीत होता. मग धागा दुसरीकडे जात होता का? घराच्या भांडणाचा काही संबंध होता का? नटांची नावे आल्यावर या प्रश्नांत कोणाला रस उरला नाही. सोन्याचे ताट समोर असताना पत्र्याच्या पेटीकडे कोण बघतो! श्रीमंत नटांच्या नावामुळे खटला गाजला आणि त्याच नावांमुळे बाकीच्या वाटा अंधारात गेल्या, असे मला फौजदारी वकील म्हणून वाटते.

आणखी एक माणूस या खटल्यात कधी आरोपी झाला नाही. 'सिनेमा तूदु' विकत घेणारा. लक्ष्मीकांतनने एकट्याने तो धंदा केला नाही. दर आठवड्याला पैसे मोजून नटीच्या मोटारीची बातमी वाचणारे होते म्हणून छापखाना चालला. भागवतरांचे गाणे आणि भागवतरांची बदनामी, दोन्हींचा ग्राहक एकच होता. सकाळी तो पुंडलिकासाठी रांगेत उभा राहिला आणि संध्याकाळी त्याने कोपऱ्यावरच्या टपरीतून साप्ताहिक घेतले. नौदल अधिकारी नाणावटी यांच्या खुनाच्या खटल्यात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने हेच गिऱ्हाईक आरोपीच्या बाजूने उभे केले आणि त्यावर मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' आपण हाउसफुल्ल केले. तिथेही मेलेल्याचे कोणी विचारत नव्हते.

आज टपरीतून साप्ताहिक आणावे लागत नाही. या शहरातल्या मेट्रोत बसलेल्या प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे. एखाद्या नटाचे नाव गुन्ह्यात आले की दुपारपर्यंत निकाल लागतो. नट आवडता असेल तर निर्दोष, नावडता असेल तर फाशी. आरोपपत्र दाखल व्हायला महिने आहेत, साक्षी व्हायला वर्षे आहेत. तोवर थांबायचे कोणाला सुचत नाही. आपल्या जे. पी. नगरच्या रंगशंकरात, अरुंधती नागांनी २००४ मध्ये उभ्या केलेल्या त्या नाट्यगृहात, एक नियम आहे. नाटक सुरू झाले की उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. कोर्टाच्या बाबतीत मला उलटा नियम करावासा वाटतो. निकाल लागायच्या आधी कोणाला बाहेर सोडू नये.

ते जमणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एवढेच मागतो. यापुढे कधी मोठ्या नटाचे, बड्या घरातल्या कोणाचे नाव एखाद्या खुनाशी जोडून तुमच्यापुढे आले, तर मारले कोणी हे विचारण्याआधी, मेला कोण हे विचारा. त्याचे नाव पाठ करा. अण्णांनी मला ते त्या रात्री, सादळलेल्या टिकल्या पिशवीत भरताना शिकवले.

८ नोव्हेंबर १९४४ ला वेपेरीत ज्याला भोसकले, त्याचे नाव सी. एन. लक्ष्मीकांतन होते. त्याला मारायला कोणी लावले, हे आजवर कोणत्याही कोर्टात सिद्ध झालेले नाही.